पंचाहत्तर सेंटिमीटरची रेघ

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत जवळजवळ २० इंच पाऊस पडला, आणि त्या रात्री आमच्या सोसायटीत उभी असलेली माझी छोटी डिझेल गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात बुडाली. गाडी बुडाली याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण ती उभ्या-उभ्या बुडाली होती आणि उभी बुडालेली गाडी बहुधा वाचते. वाईट वाटते ते दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरल्यावर मी स्वतः चावी फिरवली याचे. ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी अडकले. पुढे गॅरेजमध्ये इंजिनाचे डोके उघडल्यावर वाकलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. विमा कंपनीने हे नुकसान पुराचे नसून चावी फिरवल्याचे आहे असे कळवले, आणि इंजिन संरक्षणाची जादा पॉलिसी मी घेतलेली नसल्यामुळे मला त्यावर काही म्हणता आले नाही.

माझा पेशा एका कारखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीचा आहे. पाणी दाबले जात नाही ही गोष्ट मला पाठ होती, तरीही हात चावीकडे गेला. हे शल्य होते म्हणूनच, २०२१ मध्ये महिंद्राची जुनी थार जीप घेऊन भाच्याबरोबर ओरसंग नदीच्या पात्रात जाण्याचा नाद लागला तेव्हा, गाडी पाण्यासाठी तयार करण्याचे काम मी घाई न करता, वही घालून करायचे ठरवले.

वहीच्या पहिल्या पानावर मी फक्त उंच्या लिहिल्या. सपाट फरशीवर गाडी उभी करून, मोजपट्टी आणि खडू घेऊन, जमिनीपासून कोणती वस्तू किती उंचीवर आहे हे पाहिले. मागच्या ॲक्सलचा (दोन चाकांना जोडणाऱ्या पोकळ आसाचा) मध्य सुमारे ३६ सेंटिमीटरवर, स्टार्टर मोटर आणि केबिनचा तळ ५५च्या आसपास, अल्टरनेटर (बॅटरीला वीज पुरवणारे यंत्र) त्याहून थोडा वर, हेडलाइट ९०च्या घरात, आणि इंजिन जिथून हवा ओढते ते तोंड बॉनेटच्या खाली जेमतेम मीटरभर उंचीवर. हा तक्ता पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. इंजिनाच्या नाकापर्यंत पाणी पोचण्याच्या कितीतरी आधी ते ॲक्सल, गियरबॉक्स आणि मोटरपर्यंत पोचलेले असते. लोक मात्र गाडीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाची हवा उंचावरून ओढणारी नळी, लावतात आणि तयारी झाली असे समजतात. मी माझ्यासाठी ७५ सेंटिमीटर ही मर्यादा ठरवली, दारावर त्या उंचीला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, आणि त्या रेघेखालच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचे ठरवले: हिच्यात पाणी शिरले तर चालेल का, आणि चालणार नसेल तर हिला हवा कुठून मिळेल?

हवेचा प्रश्न आधी सोडवावा लागला. मागच्या ॲक्सलच्या पोकळीत तेल असते आणि तेलाच्या वर हवा असते. गाडी तासभर चालली की हे सगळे तापते, हवा फुगते, आणि जास्तीची हवा ब्रीदर नावाच्या एका छोट्या झडपेतून बाहेर जाते. अशी तापलेली ॲक्सल नदीच्या गार पाण्यात उतरली की उलटा व्यवहार होतो. ८० अंशांवरची हवा २५ अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि तेवढी जागा भरून काढण्यासाठी ॲक्सल बाहेरून काहीतरी ओढतेच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर ती ब्रीदरमधून पाणी ओढते. ब्रीदर मातीने बंद झालेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने ओढते, कारण सीलची रचना मुळात आतले तेल बाहेर जाऊ नये यासाठी केलेली असते, बाहेरचे पाणी अडवण्यासाठी नाही. माझ्या गाडीचा मागचा ब्रीदर उघडला तेव्हा तो वाळलेल्या चिखलाने इतका घट्ट बसला होता की सुईने टोकरावा लागला. आधीच्या मालकाने ती गाडी तशीच किती पाण्यांतून नेली असेल कोण जाणे.

मी मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी विकली जाणारी ६ मिलिमीटरची नळी आणली. मागची ॲक्सल, पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गियरांचा डबा), गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) या चारही ठिकाणचे ब्रीदर काढून तिथे पितळी निपल (नळी चढवायची तोंडे) बसवले आणि चार स्वतंत्र नळ्या इंजिनाच्या मागच्या भिंतीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात नेल्या. अनेक जण चारही नळ्या एकाच तोटीत जोडतात. मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, कारण एका घरात पाणी शिरले तर ते दुसऱ्या घरात जाऊ नये आणि कुठे शिरले तेही कळावे. टोकांना कारखान्यात सर्रास वापरतात ते सच्छिद्र पितळेचे छोटे सायलेन्सर लावले. हवा जाते, धूळ जात नाही, आणि किंमत अगदीच किरकोळ. नळी कुठेही खाली झोळ पडून राहणार नाही याची काळजी घेतली, कारण झोळात दवाचे पाणी साचते आणि मग सगळ्या खटाटोपाचा अर्थ राहत नाही. डिझेलच्या टाकीच्या ब्रीदरला मात्र हात लावला नाही. गाडी उलटल्यास डिझेल सांडू नये म्हणून तिथे जी व्यवस्था असते, तिच्यात हौशी माणसाने ढवळाढवळ करू नये असे माझे मत आहे.

एवढे सगळे करूनही मी एक चूक केली होती. ती पुढे येईल.

स्नॉर्कलचे काम मिस्त्रींकडे दिले. नव्याकोऱ्या नसलेल्या गाडीचा असला तरी धडधाकट फेंडर कापताना पाहणे मला जड गेले. कागदी नमुना तीनदा लावून पाहिला, भोक पाडून झाल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेला आधी प्रायमर आणि मग रंग लावला, कारण बडोद्याच्या दमट हवेत ती कड एका पावसाळ्यात गंजली असती. गाडीच्या नोंदणीतील मूळ वर्णनाशी विसंगत बदल करण्यावर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चे बंधन आहे. म्हणून या बदलाबाबत आरटीओत आधी विचारून घेतले, विमा कंपनीलाही लेखी कळवले, आणि इंजिन संरक्षणाची जादा पॉलिसी या वेळी न विसरता घेतली.

स्नॉर्कल म्हणजे एक उंच नळी. तिचे वरचे तोंड छपराजवळ गेले म्हणून खालचा रस्ता जलाभेद्य झाला असे होत नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी गळून जावे म्हणून रबरी चोचीसारखी एक झडप असते. पावसाच्या थेंबांसाठी ती उत्तम, पण डबाच पाण्यात बुडाला तर तीच वाट आत येण्याची होते. मिस्त्रींनी सांध्यांवर सीलंट भरले, क्लॅम्प आवळले आणि ‘साहेब, हवे पॅक छे’ (आता पक्के आहे) असे सांगितले. मला ते तपासून पाहायचे होते. इंजिन मंद चालू ठेवून मी एक उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवली. जिथे सांधा पक्का होता तिथे धूर सरळ वर गेला. डब्याच्या तळाशी तो वळला आणि आत ओढला गेला. झाकणाच्या एका क्लिपजवळही केसाएवढी फट निघाली. मिस्त्री काही क्षण धुराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘पाणी तो पोतानो रस्तो शोधी ज ले.’ (पाणी आपला रस्ता शोधतेच.) हा प्रयोग डिझेल गाडीवर, गळती नसल्याची खात्री करून, उघड्या जागेत केला होता. पेट्रोलच्या गाडीजवळ पेटती उदबत्ती नेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

झडप बंद केली, झाकणाची पट्टी बदलली, आणि मग शेवटची परीक्षा घेतली. लाकडी फळीवर जाड रबर चिकटवून ती चालू इंजिनाच्या स्नॉर्कलच्या तोंडावर दाबून धरली. दोन-तीन आचक्यांत इंजिन बंद पडले. ते बंद पडणे हेच हवे होते, कारण तोंड बंद करूनही चालत राहणारे इंजिन दुसरीकडून कुठून तरी श्वास घेत असते. या सगळ्याला मी इतका वेळ का दिला, तर त्याचे उत्तर एका गणितात आहे. अडीच लिटरच्या चार सिलिंडरांपैकी एकेकात सुमारे ६२५ मिलिलीटर जागा असते आणि डिझेल इंजिन ती साधारण सतराव्या हिश्शापर्यंत दाबते, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा चाळीसेक मिलिलीटरची. तेवढेच पाणी, म्हणजे कटिंग चहाचा निम्मा पेला, एका सिलिंडरमध्ये गेला की पिस्टनला वर जायला जागा नाही आणि मग रॉड वाकतो. माझ्या टेबलावर आजही तो वाकलेला रॉड कागद दाबायला ठेवलेला आहे.

विजेचे काम कंटाळवाणे होते आणि त्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. रेघेखालचे प्रत्येक कनेक्टर उघडून, फवाऱ्याने साफ करून, सुकवून, त्यात सिलिकॉनचे ग्रीस भरून परत बसवले. जिथे आधीच्या मालकाने तारा पिळून नुसती काळी टेप गुंडाळली होती, तिथे झाळून आतून गोंद असलेल्या नळ्या तापवून चढवल्या. अशा सात जागा निघाल्या. इंजिनाचा संगणक सुदैवाने रेघेच्या वर होता. अल्टरनेटर आणि स्टार्टर यांना पूर्ण वाचवता येत नाही. त्यांना पाण्यापेक्षा बारीक वाळू अधिक मारते, म्हणून ते झिजणारच असे धरून चालावे आणि प्रवासानंतर धुवावेत.

केबिनच्या बाबतीत माझी समजूत पूर्ण उलटी निघाली. मी दारांना जादा रबर लावण्याच्या विचारात होतो. मग वहीत पुन्हा एक हिशेब मांडला. केबिनचा तळ २ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला २८० किलोच्या जोराने वर उचलते. तळ ५५ सेंटिमीटरवर आणि पाणी ७५वर, म्हणजे ५६० किलो. पावणेदोन टनांच्या गाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तोही मुख्यतः मागच्या चाकांवरचा, कारण इंजिनाचे वजन पुढे असते आणि इंजिनाच्या कप्प्यात पाणी मोकळे शिरते. दारे जितकी घट्ट, तितकी गाडी नावेसारखी, आणि वाहत्या पाण्यातल्या वल्हे नसलेल्या नावेत बसण्याची मला हौस नाही. म्हणून मी गालिचा कायमचा काढला, सीटखालची वायरिंग वर घेतली, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तळाची रबरी बुचे काढून ठेवण्याचा नियम केला. इंजिनात पाण्याचा थेंब नको आणि केबिनमध्ये मात्र पाण्याला आमंत्रण, ही गोष्ट घरी समजावून सांगताना मला बराच त्रास झाला.

सराव कुठे करायचा हा प्रश्न बडोदेकराला वेगळ्या प्रकारे पडतो. विश्वामित्री नदी घराजवळ आहे, पण तिच्यात मगरी आहेत आणि शहराचे सांडपाणीही आहे, तेव्हा तिचे नाव काढायचे नाही. आम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये बोडेलीच्या बाजूला ओरसंगच्या पात्रात गेलो. पावसाळ्यानंतर पाणी स्वच्छ आणि संथ झालेले असते. ही नदी पुढे चांदोदजवळ नर्मदेला मिळते आणि तिचे पात्र वाळूचे आहे, म्हणजे खडकाची भीती कमी आणि रुतण्याची अधिक. गावातल्या लोकांना विचारून, त्यांच्या पाणी भरण्याच्या आणि गुरे उतरवण्याच्या जागेपासून दूर, खालच्या अंगाला आम्ही जागा निवडली. गाडीचे पोट आदल्या दिवशी घरीच धुऊन तेलाचा मेणचट थर काढून टाकला होता.

आधी भाचा आणि मी काठी घेऊन चालत पलीकडे गेलो आणि परत आलो. जिथे आपण चालत जाऊ शकत नाही तिथे गाडी न्यायची नाही, हा नियम कंटाळा आला तरी मोडायचा नाही, कारण वर एकसारखे दिसणारे पाणी खाली खड्डा लपवते आणि प्रवाहाचा जोर पायांनाच कळतो. मग टायरची हवा १८ पौंडांवर आणली, वीस मिनिटे थांबून ॲक्सल निवू दिल्या, पुढच्या जाळीवर रेक्झिनचा पडदा बांधला. पडदा लावल्याने पुढचे पाणी ढकलले जाते, त्याची एक लाट तयार होते आणि लाटेच्या मागे इंजिनाच्या कप्प्यात पातळी थोडी खाली राहते. शिवाय इंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा भसकन पाण्यात घुसला तर त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर फोडू शकतात, तेही टळते. ओढायचा पट्टा आधीच मागच्या हुकात अडकवून त्याचे टोक वर छपरापाशी बांधले, कारण गढूळ पाण्याखाली हूक शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. काचा खाली, सीटबेल्ट काढलेला, भाच्याची गाडी काठावर तयार.

‘मामा, क्लच अजिबात दाबू नका,’ असे त्याने मला तिसऱ्यांदा सांगितले, जणू ते मीच त्याला शिकवले नव्हते. लो रेंजचा (कमी वेग, जास्त जोर) दुसरा गियर आधीच टाकून, चालत्या माणसाच्या वेगाने आत उतरायचे, गियर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही आणि थांबायचे नाही. क्लचच्या तबकड्यांमध्ये पाणी शिरले तर पकड सुटते, आणि वाळूत उभ्या चाकाखालून प्रवाह वाळू वाहून नेतो, म्हणजे दोन मिनिटे थांबलेली गाडी आपोआप खाली बसते. पहिली फेरी गुडघ्याएवढ्या पाण्यातून, दुसरी ६० सेंटिमीटरमधून झाली. तिसऱ्या फेरीत पाणी रेघेला लागले, बुचांच्या भोकांतून वर येऊन माझ्या चपला तरंगू लागल्या, आणि मधोमध मागचे डावे चाक एका खोलगट जागेत गेले. गाडी कलली, सावरली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभरेक मीटर चालवून सुकवले आणि आम्ही मोठ्या समाधानाने चहा प्यालो.

समाधान दुसऱ्या सकाळपर्यंत टिकले. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे गाडी रात्रभर उभी ठेवली की ते तळाशी बसते आणि ड्रेन बोल्ट पूर्ण न काढता नुसता ढिला केला तर आधी तेच बाहेर येते. पुढच्या डिफरन्शियलमधून स्वच्छ तेल आले. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही ठीक होते. मागच्या ॲक्सलमधून आधी पाण्याची धार आली आणि मागोमाग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे तेल. खाली सरपटून पाहिले तर मागची नळी निपलवरून निघून लोंबत होती. नळी मी गाडी सपाट फरशीवर उभी असताना मोजून कापली होती. चाक खड्ड्यात उतरले, ॲक्सल खाली गेली, नळी तेवढी लांब नव्हती. आयुष्यभर यंत्रांवर नळ्या बसवणाऱ्या माणसाने हलणाऱ्या भागाची नळी स्थिर अवस्थेत मोजावी, याला काय म्हणावे? वहीत त्या पानावर मी फक्त ‘जॅक लावून मोजणे’ एवढेच लिहिले आहे.

ते तेल टाकून दिले. स्वस्त तेल भरून दहा किलोमीटर चालवून तेही काढले, मग नवे गियर ऑइल भरले. चेसिस जॅकवर उचलून दोन्ही मागची चाके पूर्ण लटकू दिली, त्या स्थितीत माप घेऊन वर एक हाताचा मोकळा फेरा सोडला आणि नळीला क्लॅम्प लावला. शाफ्टच्या सांध्यांमध्ये जुने ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरले. डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच जागी जाऊन, मुद्दाम तेच चाक त्याच खोलगट जागेतून नेले. दुसऱ्या दिवशी चारही बोल्ट ढिले करून पाहिले आणि चारही ठिकाणी नुसते तेल होते.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली. काळाघोडा पुलाजवळची पातळी २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे जाऊ लागल्याचे कळताच, सोसायटीच्या रस्त्यावर अजून घोटाभरच पाणी होते तेव्हा, मी थार काढली आणि जवळच्या उड्डाणपुलावर इतर गाड्यांच्या रांगेत लावून आलो. शेजारच्या काकांनी विचारले, ‘अहो, एवढे ते नाक बसवून घेतलेत, मग पळता कशाला?’ मी त्यांना सांगितले की या पाण्यातून मी आधी चालत जाऊ शकत नाही. उघडी गटारे दिसत नाहीत, वीज कुठे उतरली आहे ते माहीत नाही, आणि मगर नदीतून रस्त्यावर आल्याचे ऐकू येत आहे. पाणी ओसरल्यावर फाटकाच्या खांबावर राहिलेला गाळाचा पट्टा मी त्याच मोजपट्टीने मोजला आणि वहीत उंच्यांच्या पहिल्या पानावर, ७५च्या खाली, ११२ असे लिहून ठेवले.